नागपूरकरांनी ज्याला वेड्यात काढलं, त्याच पारशी माणसाने कामगारांना पेन्शन सुरू केली

२०२१ साली एक यादी व्हायरल झाली होती. गेल्या शंभर वर्षांतले जगातले सगळ्यात मोठे दानशूर कोण? एडेलगिव्ह-हुरून यांच्या त्या यादीत बिल गेट्स आणि वॉरन बफे यांना मागे टाकून पहिला नंबर लागला जमशेटजी टाटांचा. आकडा होता १०२ अब्ज डॉलर.

पण हा माणूस मोठा झाला तो आपल्या नागपुरात, हे किती जणांना ठाऊक आहे?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारीत झाला. वडिलांच्या पेढीत काम शिकून १८६८ मध्ये त्यांनी २१ हजार रुपयांवर स्वतःचा धंदा सुरू केला. पुढच्याच वर्षी मुंबईत चिंचपोकळीची बुडालेली तेलगिरणी घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत नफा घेऊन विकून टाकली. मग इंग्लंडमध्ये लँकेशायरला जाऊन कापडाचा धंदा नीट बघून आले.

त्या काळी गिरणी काढायची तर मुंबईतच, असा रिवाज होता. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडलं. कारण सोपं होतं. कापूस विदर्भाचा, रेल्वे १८६७ मध्येच नागपुरात आलेली, कोळसा जवळच वरोऱ्याला. मग कापूस मुंबईला न्यायचा कशाला?

१८७४ मध्ये १५ लाखांच्या भांडवलावर कंपनी उभी राहिली. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागरजवळची दलदलीची जागा घेऊन त्यांनी भराव टाकायला सुरुवात केली. असं सांगतात की, एका मारवाडी सावकाराने या कामाला पैसे द्यायला साफ नकार दिला. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याचं म्हणणं. पुढे गिरणी जोरात चालली, तेव्हा तोच म्हणाला, यांनी सोनं नाही पुरलं, माती टाकून सोनं काढलं.

१ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून नाव पडलं एम्प्रेस मिल. मॅनेजर होते बेझनजी मेहता. आधी रेल्वेच्या मालवाहतूक खात्यात असलेल्या या माणसाला कापडातलं काही कळत नव्हतं, पण माणसं सांभाळता येत होती.

आणि खरी अडचण माणसांचीच होती. रोजची हजेरी ८० टक्क्यांच्या आसपासच राहायची. दुसऱ्या मालकाने दंड लावला असता. इथे गिरणीत हवा खेळती ठेवली, चांगल्या कामाला बक्षिसं सुरू केली. १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघातात जखमी झालेल्या कामगाराला भरपाई मिळू लागली.

आता कायद्याकडे बघा. कामगार नुकसानभरपाईचा कायदा देशात आला १९२३ मध्ये, पीएफचा कायदा १९५२ मध्ये.

यात जमशेटजींचा फायदा नव्हता का? होता की. कामगार टिकला तर गिरणी चालणार, हा सरळ हिशोब होता. पण त्या काळात हा हिशोब फार थोड्या मालकांना सुचला.

दानाची पद्धतही तीच. १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्या हुशार मुलांसाठी त्यांनी निधी काढला. ती खैरात नव्हती, कर्जाऊ शिष्यवृत्ती होती. पोरगं शिकून कमावतं झालं की पैसे परत करायचे, म्हणजे पुढच्या पोराची सोय होते. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन याच निधीवर लंडनला शिकले. विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी ३० लाखांची मालमत्ता देऊ केली. १९०४ मध्ये ते वारले आणि १९०९ मध्ये बंगळुरूची विज्ञान संस्था उभी राहिली. १०२ अब्जांच्या आकड्यातला मोठा वाटाही त्यांच्या मुलांनी ट्रस्टला दिलेल्या संपत्तीचा आहे.

एम्प्रेस मिल १९८६ मध्ये सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. कित्येक घरांची चूल त्या भोंग्यावर पेटायची, ती घरं उघड्यावर आली. आज तिथे एम्प्रेस मॉल आहे.

तिथे खरेदीला गेलात तर एवढं ध्यानात ठेवा, पगाराच्या स्लिपवर आज जो पीएफ दिसतो, तसा विचार या जागेवर कायद्याच्या कितीतरी आधी झाला होता.