इथेनॉलच्या टाकीतलं पाणी

एप्रिल 2016 च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याच्या वाघिणी लातूरला गेल्या, हे महाराष्ट्राच्या लक्षात आहे. त्याच हंगामात मराठवाड्यात उसाचं गाळपही झालं, हे मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं. राज्याच्या लागवडीखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा पाचेक टक्के. सिंचनाचं पाणी मात्र निम्म्याहून अधिक तोच पितो.

म्हणून ऊसवाल्याला दोष देणं सोपं. पण त्याच्या जागी बसून हिशेब मांडा. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, आहे, ऊस तोडल्यावर चौदा दिवसांत पैसे देण्याचं कायद्याचं बंधन आहे (थकबाकी राहतेच, ती गोष्ट वेगळी), गारपिटीतही थोडाफार तग धरणारं पीक आहे. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो, पण 2024 मध्ये सोयाबीन बाजार समितीत त्या भावाच्या खालीच विकलं गेलं. शिवाय पाटाच्या पाण्याची पट्टी बहुतेक ठिकाणी क्षेत्रावर ठरते, मोजून नाही. मग पाळी आली की सरीतून मोकळं पाणी सोडण्यात शेतकऱ्याचं काय नुकसान? अधिसूचित क्षेत्रात बारमाही पिकांना ठिबक-तुषारसारख्या पाणीबचतीच्या पद्धतीशिवाय कालव्याचं पाणी नको, अशी तरतूद 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे. ती कागदावरच जास्त दिसते.

यात आता इथेनॉल आलं. पेट्रोलमध्ये वीस टक्के मिसळण्याचं 2030 चं उद्दिष्ट 2025 वर आणलं गेलं आणि गाठलंही. तेलाची आयात घटते, कारखान्याच्या हाती रोख पैसा येतो. पण नीती आयोगाच्याच 2021 च्या अहवालानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं. दिल्लीची हवा राखणाऱ्या इंधनाचं पाणी उजनी-जायकवाडी धरणांच्या खोऱ्यांतून जातं, आणि 'हरित' म्हणताना ते कुणी हिशेबात धरत नाही.

गंमत अशी, की वाट याच धोरणात दिसली. 2023 च्या डिसेंबरात, पाऊस कमी झाल्यावर, केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं घातली आणि पुढच्याच महिन्यात सरकारी तेल कंपन्यांनी मक्याच्या इथेनॉलला जादा दर दिला. वर्षभरात मका हा इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल झाला. चार महिन्यांत निघणारं, उसापेक्षा कितीतरी कमी पाण्याचं हे पीक. उपदेशाने जे झालं नाही, ते खात्रीच्या गिऱ्हाइकाने केलं. अर्थात मक्याचा भाव चढताच खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडू लागले आणि देशाला मका आयात करावा लागला.