न्यूझीलंडमध्ये मोटरहोम : मार्ग आखतानाचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतीय चालकाला परदेशात मोटरहोम चालवायची असेल, तर न्यूझीलंडचं दक्षिण बेट सोयीचं आहे. वाहतूक आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, पाट्या इंग्रजीत असतात, आणि तिथल्या साध्या मोटारीच्या परवान्यात सहा हजार किलोपर्यंतची वाहनं बसत असल्यामुळे मोटरहोमसाठी पर्यटकाला सहसा वेगळा परवाना काढावा लागत नाही. अडचण येते ती मार्ग आखताना. पाहायच्या ठिकाणांची यादी करायची, ती नकाशावर रेषेने जोडायची आणि त्या रेषेला मार्ग म्हणायचं, ही आपली सवय. रात्रीचं हॉटेल ठरलेलं असेल आणि गाडी दुसरा कोणी चालवत असेल, तर ती चालून जाते. मोटरहोममध्ये मात्र घर, स्वयंपाकघर आणि शौचालय सोबत घेऊन घरातलंच कोणीतरी चालवत असतं. म्हणून तिचा मार्ग दोन प्रश्नांवरून ठरायला हवा : दिवसाउजेडी, न थकता किती तास चालवता येईल? आणि रात्री गाडी कायद्याने कुठे उभी करता येईल? पुढचे बहुतेक गैरसमज हे दोन प्रश्न न विचारल्यामुळे होतात.

गैरसमज : देश लहान आहे, दहा दिवसांत दोन्ही बेटं होतील

न्यूझीलंडचं क्षेत्रफळ सुमारे २ लाख ६८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. पण हा देश लांबुळका आहे. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत त्याची लांबी सोळाशे किलोमीटरच्या घरात जाते. शिवाय दक्षिण बेटाच्या मधोमध दक्षिण आल्प्सची रांग उभी आहे. पूर्वेकडून पश्चिम किनाऱ्यावर जायला ही रांग ओलांडणारे महामार्ग तीनच : लुईस पास, आर्थर्स पास आणि हास्ट पास. आर्थर्स पास ते हास्ट पास या लांब पट्ट्यात गाडीसाठी एकही रस्ता नाही. याचा अर्थ काय होतो, ते माउंट कुक गाव आणि फ्रान्झ जोसेफ हिमनदीच्या उदाहरणावरून कळतं. नकाशावर दोन्ही ठिकाणं जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहेत; रस्त्याने मात्र वानाका आणि हास्टमार्गे जवळजवळ पाचशे किलोमीटर जावं लागतं. क्वीन्सटाउनहून मिलफर्ड साउंड सरळ रेषेत सत्तर किलोमीटर, पण ‘ते अनाऊ’ या गावावरून जाणारा रस्ता जवळपास दोनशे नव्वद किलोमीटरचा, आणि परतीला दुसरी वाट नाही. दोन बेटांमधली वेलिंग्टन ते पिक्टन ही फेरी साडेतीन तासांची. चढण्याउतरण्याचा आणि आधी पोहोचून थांबण्याचा वेळ धरला, तर दिवसाचा मोठा भाग तीच घेते. तिचं भाडंही गाडीच्या लांबीवर असतं. आयुष्यात एकदाच जाणार, मग सगळं का पाहू नये, असा आक्षेप यावर येतो. तो मनापासूनचा आहे, पण त्याचं उत्तर अंकगणितात आहे. दहा दिवसांत दोन्ही बेटं घेतली, तर बहुतेक दिवस काचेआडून रस्ता बघण्यात जातात आणि ज्या ठिकाणांसाठी एवढ्या लांब आलो, तिथे तासाभरापेक्षा जास्त थांबता येत नाही. दोन आठवड्यांहून कमी दिवस हाताशी असतील, तर एकच बेट निवडणं शहाणपणाचं.

गैरसमज : नकाशाच्या ॲपने सांगितलेला वेळ हाच प्रवासाचा वेळ

ॲपचा अंदाज मोटारीसाठी असतो. सहा जणांची मोटरहोम सुमारे सात मीटर लांब आणि तीन मीटरहून उंच असते. चढावर ती हळू चढते, उतारावर जपून उतरवावी लागते आणि मोकळ्या पट्ट्यावर आडवा वारा तिला हलवतो. शहराबाहेर सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर असली, तरी ३,५०० किलोंहून जड वाहनांना ती ९० आहे, आणि मोठ्या मोटरहोमपैकी काही या वर्गात मोडतात. भाड्याची गाडी ताब्यात घेतानाच तिचं नोंदवलेलं वजन विचारून घ्यावं. दक्षिण बेटावरचे महामार्ग बहुतांश दुपदरी आहेत. मागे गाड्यांची रांग लागली, की सुरक्षित जागा पाहून बाजूला होणं आणि त्यांना पुढे जाऊ देणं अपेक्षित असतं. यात इंधन, जेवण आणि सांडपाणी रिकामं करण्याचे थांबे मिळवले, की ख्राइस्टचर्च ते क्वीन्सटाउन हे ४८० किलोमीटर अंतर ॲपवर सहा तासांचं दिसलं, तरी मोटरहोमने ते दिवसभराचं काम होतं. ॲपच्या वेळात निदान एक-चतुर्थांश भर घालावी आणि दिवसाचा पल्ला दोनशे-अडीचशे किलोमीटरवर थांबवावा, असा माझा सरळ हिशोब आहे. भारतातून गेल्यावर पहिल्या दिवशी तर याहूनही कमी. तिथलं घड्याळ आपल्यापुढे ऋतूप्रमाणे साडेसहा किंवा साडेसात तास धावतं, आणि रात्रभराच्या विमानप्रवासानंतर अनोळखी, जड गाडी घेऊन दूरवर निघणं धोक्याचं आहे. पहिला मुक्काम गाडी घेतलेल्या शहरातच असावा.

गैरसमज : घाटात गाडी चालवायची सवय आहे, तेव्हा जवळचा रस्ता घ्यावा

घाटाची सवय उपयोगी पडते, हे खरं. पण ती मोटारीची सवय आहे. सात मीटर लांबीच्या, मागे भांडीकुंडी आणि पाण्याच्या टाक्या असलेल्या गाडीची नव्हे. क्वीन्सटाउन ते वानाका हे उदाहरण पाहा. क्राउन रेंजचा रस्ता सुमारे सत्तर किलोमीटरचा. तो १,०७६ मीटर उंचीवरून जातो, क्वीन्सटाउनच्या बाजूला तीव्र नागमोडी वळणं आहेत, हिवाळ्यात बर्फ असतं. क्रॉमवेलवरून जाणारा महामार्ग सुमारे ११५ किलोमीटरचा, पण कावाराऊ नदीच्या काठाने रुंद आणि सौम्य चढउताराचा. मोटारीने क्राउन रेंज आनंदाची, मोटरहोमने मात्र क्रॉमवेलचीच वाट धरावी. आर्थर्स पासच्या पश्चिमेला १९९९ मध्ये पूर्ण झालेल्या ओटिरा पुलामुळे तो घाट पूर्वीपेक्षा सुरक्षित झाला, तरी उतार तीव्रच आहे. तिथे ब्रेक तापू न देता खालच्या गिअरमध्ये उतरावं लागतं. पश्चिम किनाऱ्यावर एकपदरी पूल वारंवार लागतात. पाटीवर आपल्या दिशेचा मोठा पांढरा बाण असेल तर आपला हक्क आधी, लहान लाल बाण असेल तर थांबून समोरच्याला वाट द्यायची. काही रस्त्यांवर भाड्याच्या गाडीचा विमाच लागू होत नाही. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स कॅन्यनचा रस्ता त्यात सर्वांत ठळक. तेव्हा मार्ग पक्का करण्याआधी भाडेकराराच्या कागदांतली निषिद्ध रस्त्यांची यादी वाचणं हे नकाशा पाहण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. जवळचा रस्ता म्हणजे स्वस्त रस्ता, हेही पूर्ण खरं नाही. लांब वाटेला इंधन जास्त लागतं आणि डिझेल गाड्यांवर किलोमीटरच्या हिशोबाने रस्ता-वापर शुल्क असतं, जे भाडेकंपन्या ग्राहकाकडून वसूल करतात. ते अंदाजपत्रकात धरायलाच हवं. पण क्रॉमवेलमार्गे वाढणाऱ्या चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा हा सगळा खर्च एका घासलेल्या बाजूच्या दुरुस्तीपुढे किरकोळ ठरतो.

गैरसमज : सुट्टी मिळेल तेव्हा तोच मार्ग चालतो

आपल्या मुलांची मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथला हिवाळ्याचा उंबरठा. जूनमध्ये क्वीन्सटाउनच्या अक्षांशावर दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. डिसेंबरात तो साडेपंधरा तासांपर्यंत लांबतो. म्हणजे उन्हाळ्यातला एक टप्पा हिवाळ्यात अंधारात संपतो, आणि डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर रात्री साचलेलं दहिवर काचेसारखं गोठतं. मिलफर्डचा रस्ता तर हिमप्रपाताच्या पट्ट्यातून जातो. धोका वाढला की तो बंद ठेवतात, आणि हिवाळ्यात चाकांना लावायच्या साखळ्या सोबत असणं बंधनकारक होतं. याच वाटेवर १९५४ मध्ये खुला झालेला, सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा होमर बोगदा लागतो, जो तीव्र उताराचा आणि अरुंद आहे. मिलफर्ड सोडून द्यावं, असा याचा अर्थ नव्हे. मोटरहोम ते अनाऊच्या हॉलिडे पार्कमध्ये ठेवून बसने जाऊन यावं. चालकालाही दरी बघता येते, आणि मार्गातला सर्वांत कठीण टप्पा त्याच्या खांद्यावरून उतरतो. दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत असतो. दिवस मोठे असतात, पण डोंगरातली हवा लहरी असते, हे धरून चालावं.

गैरसमज : मोटरहोम असली, की जिथे वाटेल तिथे मुक्काम

ही समजूत सर्वांत महाग पडते. न्यूझीलंडमध्ये मोकळ्या जागी मुक्कामाला २०११ चा कायदा लागू आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने तो कडक झाला. स्थानिक परिषदांच्या जागेवर रात्र काढायची, तर गाडी स्वयंपूर्ण असल्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय हवं. उचलून ठेवायचं चालत नाही. गाडी प्रमाणित असली, तरी परिषद एखाद्या जागेवर मुक्काम बंद करू शकते किंवा रात्रींची संख्या ठरवू शकते. नियम मोडला तर दंड ४०० न्यूझीलंड डॉलरच्या पुढे जातो. तळ्याकाठची रिकामी जागा दिसली, म्हणजे ती राहण्यासाठी खुली आहे, असं नाही. यामुळे मार्गाची दिशाच बदलते : आधी मुक्कामाच्या जागा निश्चित करायच्या, मग त्यांना जोडणारा रस्ता. वीज, पाणी आणि सांडपाण्याची सोय असलेलं हॉलिडे पार्क दर दोन-तीन रात्रींनी एकदा घ्यावं. मधल्या रात्री संवर्धन विभागाच्या साध्या तळांवर काढता येतात. मग मोटरहोमचं स्वातंत्र्य कुठे राहिलं, असं कोणी विचारेल. ते दिवसा राहतं. आवडलेल्या ठिकाणी थांबून गाडीतच स्वयंपाक करायचा, मुलांना झोप आली तर तासभर बाजूला उभं राहायचं, पावसात घाई करायची नाही. संध्याकाळी अंधारात जागा शोधत फिरणाऱ्या कुटुंबाला यातलं काहीच मिळत नाही.

गैरसमज : एकदा मार्ग पक्का केला, की काम संपलं

१४ नोव्हेंबर २०१६ च्या कायकोरा भूकंपाने पिक्टन–ख्राइस्टचर्च महामार्गावर दरडी कोसळल्या आणि तो १५ डिसेंबर २०१७ पर्यंत बंद राहिला. वर्षभर वाहतूक लुईस पासच्या लांबच्या वाटेने गेली. मार्च २०१९ मध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल पुरात वाहून गेला आणि पश्चिम किनाऱ्याचा एकमेव महामार्ग तुटला. तो पुन्हा उभा राहायला तीन आठवड्यांच्या आतबाहेर वेळ लागला. पर्यायी रस्ता शेकडो किलोमीटरचा असलेल्या देशात अशा घटना मार्ग आखतानाच गृहीत धराव्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत आरक्षण नसेल तर जागा मिळत नाही, म्हणून लवचीकपणा परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय असा, की फेरी आणि गर्दीची ठिकाणं आरक्षित करावीत, पण दर चार-पाच दिवसांनी एक रात्र कुठलाही पल्ला न ठेवता मोकळी सोडावी. बारा-चौदा दिवस असतील, तर ख्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, ते अनाऊ, क्वीन्सटाउन, वानाका, फ्रान्झ जोसेफ, होकिटिका, आर्थर्स पास आणि पुन्हा ख्राइस्टचर्च असं वर्तुळ धरावं. गाडी जिथून घेतली तिथेच परत करता येते आणि वेगळ्या शहरात सोडण्याचा आकार वाचतो. आठवडाच असेल, तर पश्चिम किनारा पुढच्या वेळेसाठी ठेवावा. निघण्याआधी आपला आराखडा समोर घ्या आणि प्रत्येक दिवसापुढे दोन गोष्टी लिहा : चालवण्याचे तास आणि रात्रीचा नक्की पत्ता. ज्या दिवशी पाच तासांहून जास्त आकडा येईल किंवा पत्त्याची जागा रिकामी राहील, त्या दिवशीचं एक ठिकाण निःसंकोच कमी करा.