शहर बदलण्यापूर्वी नोकरीचा शोध : तरुण व्यावसायिकांनी कोणती दक्षता घ्यावी?

नोकरीसाठी घर सोडून जाणे ही गोष्ट आपल्या वसई परिसरात एके काळी तितकीशी सार्वत्रिक नव्हती. आखातात किंवा जहाजावर गेलेले बांधव सोडले, तर बहुतेकांची नोकरी मुंबईत आणि मुक्काम आपल्या वाडीत, असाच क्रम असे. पहाटेची लोकल पकडावी, अंधेरी वा चर्चगेटला उतरावे आणि रात्रीचे जेवण आईवडिलांसमवेत घ्यावे, या शिरस्त्यात आपल्या कित्येक पिढ्यांनी आयुष्य काढले. आज मात्र संगणक, वाहननिर्मिती, औषधनिर्माण, वित्तसेवा अशा क्षेत्रांत शिकलेल्या आपल्या युवक-युवतींना पुणे, बेंगळुरू, हैदराबाद ही शहरे खुणावत आहेत. दोन-चार वर्षांचा अनुभव गाठीशी बांधून शहर बदलू पाहणाऱ्या या तरुणांसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर जे व्यावहारिक प्रश्न उभे राहतात, त्यांचा विचार आपण या लेखात करू. पुणे आपल्याला जवळचे आहे, म्हणून उदाहरणादाखल आपण तेच शहर घेऊ.

आधी नोकरी की आधी स्थलांतर?

‘आधी तिथे जाऊन राहू, मग नोकरी शोधू’ असा विचार अनेक जण करतात. प्रत्यक्ष शहरात असल्यास मुलाखतींना जाणे सोपे पडते, हे खरेच. परंतु हातातील नोकरी सोडून परक्या शहरात राहणाऱ्या उमेदवाराचा दर महिन्याचा खर्च चालूच असतो. साठवलेला पैसा आटू लागला की मन अधीर होते आणि समोर येईल ती नोकरी, मिळेल त्या पगारावर स्वीकारली जाते. याउलट, जो नोकरीत असताना शोध घेतो त्याला ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य असते. वाटाघाटीत हे स्वातंत्र्य फार मोलाचे ठरते. म्हणून जोडीदाराच्या बदलीसारखे सबळ कारण नसेल, तर आधी नोकरी आणि मग स्थलांतर हाच क्रम श्रेयस्कर होय. तसे कारण असेल, तर किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मगच पाऊल उचलावे.

दुरून शोध घेताना

दूरच्या उमेदवाराबद्दल कंपनीच्या मनात दोन शंका असतात. हा खरोखर येणार का आणि केव्हा येणार? या शंकांचे उत्तर बायोडाटातच द्यावे. पत्त्याखाली ‘पुण्यात स्थायिक होण्यास तयार, रुजू होण्यास इतके दिवस लागतील’ असे एक वाक्य लिहिल्याने अर्ज बाजूला पडण्याची शक्यता कमी होते. पुण्याला जाण्याचे कारण विचारल्यास ते थोडक्यात आणि खरे सांगावे.

शोधाच्या मार्गांपैकी नोकरीविषयक संकेतस्थळे सर्वांना ठाऊक आहेत. केंद्र शासनाची ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ ही सेवा २०१५ पासून सुरू असून तीवर उमेदवाराला विनामूल्य नोंदणी करता येते. तथापि ओळखीचा मार्ग आजही तितकाच उपयोगी आहे. महाविद्यालयातील जुने सोबती, पूर्वीचे सहकारी, आपल्या धर्मग्रामातून तिकडे गेलेली कुटुंबे यांना निःसंकोच विचारावे. मात्र ‘माझ्यासाठी कुठे तरी बघा’ अशी मोघम विनंती करू नये. कोणत्या प्रकारचे काम हवे, अनुभव किती, केव्हा रुजू होता येईल, हे सांगितले तरच समोरची व्यक्ती मदत करू शकते.

पहिल्या फेऱ्या बहुधा ऑनलाइन होतात. शेवटच्या फेरीसाठी प्रत्यक्ष बोलावले, तर एकाच दौऱ्यात दोन-तीन मुलाखती ठरवाव्यात आणि त्याच वेळी कचेरीचा परिसर, रस्ते व राहण्याच्या जागा पाहून घ्याव्यात.

पत्रातील आकडा आणि हाती येणारा पगार

कंपनी जो वार्षिक आकडा सांगते त्याला ‘सीटीसी’, म्हणजे आपल्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च, असे म्हणतात. हा आकडा पगार समजून घर भाड्याने घेणारे तरुण पुढे अडचणीत येतात. समजा, वर्षाला ६ लाख रुपये, म्हणजे महिन्याला ५०,००० रुपये ठरले आणि त्यांतील मूळ वेतन २५,००० रुपये आहे. भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा १२ टक्के वाटा, म्हणजे ३,००० रुपये, याच आकड्यात धरलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे १,२०० रुपयेही बहुधा त्यातच असतात. नंतर आपला स्वतःचा ३,००० रुपयांचा वाटा आणि २०० रुपये व्यवसायकर वजा होतो. हाती उरतात सुमारे ४२,६०० रुपये. एकूण आकड्यापैकी दहा टक्के रक्कम कामगिरीवर अवलंबून असेल आणि ती वर्षअखेरीस मिळणार असेल, तर दरमहा हाती येणारी रक्कम आणखी ५,००० रुपयांनी घटून ३७,६०० वर येते. काही कंपन्या भविष्यनिर्वाह निधीची कपात १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवरच करतात. तिथे हाती थोडे अधिक येते, पण साठते कमी.

म्हणून मुलाखतीच्या अखेरीस ‘दरमहा बँकेत किती जमा होईल?’ हा प्रश्न नम्रपणे पण स्पष्टपणे विचारावा. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. सामान हलविण्याचा खर्च किंवा पहिल्या काही दिवसांच्या निवासाची सोय कंपनी देते का, हेही याच वेळी विचारावे. सही झाल्यानंतर असे प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे. त्या पत्रात पद, वेतन, कामाचे ठिकाण, परिविक्षेचा काळ आणि सोडून जाण्यापूर्वी द्यावयाची सूचना या बाबी नीट वाचाव्यात. ‘कंपनी सांगेल तेथे काम करावे लागेल’ असे कलम असेल, तर पुण्यासाठी घेतलेली नोकरी उद्या अन्य शहरी नेऊ शकते, हे ध्यानी घ्यावे.

राजीनामा केव्हा द्यावा?

तोंडी आश्वासनावर राजीनामा कदापि देऊ नये. लेखी पत्र हाती आल्यावर, त्यातील अटी पटल्यावर आणि रुजू होण्याची तारीख ठरल्यावरच तो द्यावा. अनेक कंपन्यांत सूचनेचा काळ ६० ते ९० दिवसांचा असतो. तो टाळून निघून गेल्यास कार्यमुक्तीचे पत्र अडू शकते आणि नव्या ठिकाणी तेच पत्र मागतात. जुनी कंपनी पूर्वी सोडण्यास राजी झाली, तर उरलेल्या दिवसांचे पैसे कोण भरणार, हेही लेखी असावे.

भविष्यनिर्वाह निधीचा पैसा काढून घेण्याचा मोह या वेळी होतो. तो आवरावा. २०१४ पासून प्रत्येक सभासदाला एकच कायम क्रमांक मिळतो. तो नव्या कंपनीला देऊन जुनी रक्कम वर्ग करून घ्यावी. सलग पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी पैसा काढल्यास त्यावर सामान्यतः कर लागतो, शिवाय निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षांची सेवा मोजतानाही जुनी वर्षे हातची जातात.

राहण्याची सोय

पुणे शहर आता अफाट पसरले आहे. हिंजवडी पश्चिमेला, खराडी व मगरपट्टा पूर्वेला, तर चाकणचे कारखाने उत्तरेला आहेत. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाझ ते रामवाडी या मार्गांवर मेट्रो धावते, परंतु ती सगळीकडे पोहोचत नाही. म्हणून नोकरीचे ठिकाण निश्चित झाल्यावाचून घर ठरवू नये. वसई-अंधेरीचा प्रवास चुकविण्यासाठी पुणे गाठावे आणि तिथे दररोज शहराचे एक टोक गाठून दुसऱ्या टोकाला जावे, यात शहाणपण नाही.

पहिला महिना-दोन महिने पेइंग गेस्ट म्हणून राहावे आणि परिसर समजल्यावर घर घ्यावे. समजा भाडे १५,००० रुपये आहे. दोन महिन्यांची अनामत, एका महिन्याची दलाली आणि पहिले भाडे धरले, तर पहिला पगार होण्यापूर्वीच ६०,००० रुपये हातचे जातात. महिन्याच्या उत्तरार्धात रुजू झाल्यास पहिला पगार पुढील महिन्याअखेर मिळण्याचीही शक्यता असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून ती जबाबदारी घरमालकाची आहे. तसा करार नसेल आणि वाद उद्भवला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. तरीही नोंदणीचा आग्रह आपणच धरावा.

फसवणुकीपासून सावध

दूर राहून नोकरी शोधणाऱ्यालाच भामटे हेरतात. मोठ्या कंपनीच्या नावाचे पत्र येते, मागोमाग ‘नोंदणी’, ‘प्रशिक्षण’ वा ‘लॅपटॉप’साठी पैसे मागितले जातात. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणाऱ्याशी व्यवहार तिथेच थांबवावा, हा साधा नियम पाळावा. पत्र आल्यास कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरील क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

घरच्यांशी संवाद

या साऱ्या हिशेबात एक बाब सहज निसटते. घरातून एक कमावती व्यक्ती दूर जाते तेव्हा घरखर्च, कर्जाचे हप्ते, आजारी वडीलधाऱ्यांची ने-आण यांची घडी बदलते. दरमहा घरी किती पाठविता येईल, आईला इस्पितळात कोण नेईल, महिन्यातून किती वेळा घरी येणे जमेल, हे निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून बोलावे. पालकांनीही ‘इथे काय कमी आहे?’ असे म्हणून मुलांना अडवू नये, आणि मुलांनीही सारे ठरल्यावर केवळ कळविण्यापुरते सांगू नये. नव्या शहरात पोहोचल्यावर तेथील धर्मग्रामात नाव नोंदविल्यास परक्या ठिकाणी अडीअडचणीला हाक मारता येईल अशी चार माणसे मिळतात, हाही अनेकांचा अनुभव आहे.

शहर बदलणे म्हणजे आपल्या माणसांना अंतरणे नव्हे. आधी पूर्ण विचार, मग लेखी पत्र, त्यानंतर राजीनामा आणि शेवटी सामानाची बांधाबांध, हा क्रम पाळला तर आपले युवक-युवती निर्धास्तपणे नव्या वाटेवर पाऊल टाकतील आणि घरी राहिलेल्यांनाही त्यांची चिंता लागून राहणार नाही.