ऑनलाइन लोकवर्गणी : विश्वास, वंचना आणि गोवंडीचा रुग्ण

पुष्कळांकडून थोडथोडे द्रव्य घेऊन मोठे कार्य सिद्धीस नेणे ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ‘पैसा फंड’ काढला, तेव्हा प्रत्येकाने एक पैसा द्यावा, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच निधीतून १९०८ साली तळेगाव येथे काचकारखाना उभा राहिला. गणेशोत्सवाची वर्गणी, गावच्या शाळेसाठी जमविलेला निधी, ही याच प्रवृत्तीची रूपे होत. आज हीच वर्गणी दूरध्वनीच्या पडद्यावर मागितली जाते व क्षणार्धात दिली जाते. साधन पालटले, एवढेच म्हणून मात्र भागणार नाही. साधनाबरोबर विश्वासाचा आधारही पालटला आहे, आणि वंचनेचा प्रश्न तेथूनच उद्भवतो.

या लोकवर्गणीचे सामान्यतः चार प्रकार मानतात : देणगी, वस्तुरूप मोबदला, कर्ज आणि भागभांडवल. यांपैकी भागभांडवलाविषयी ‘सेबी’ने २०१४ साली विचारार्थ टिपण प्रसिद्ध केले, परस्पर कर्जव्यवहारावर रिझर्व्ह बँकेने २०१७ साली नियम घातले. जेथे देणाऱ्यास परतफेडीची अपेक्षाच नसते, त्या देणगीचाच विचार प्रस्तुत लेखात केला आहे. आणि तोही मुख्यतः औषधोपचारासाठी मागितलेल्या देणगीचा.

प्रथम जुन्या वर्गणीतील विश्वास कशावर उभा असतो ते पाहू. वर्गणी मागणारा व देणारा एकाच आळीतले असतात. पावतीपुस्तक असते, मंडपात जमाखर्चाचा फलक लागतो, आणि हिशेबात खोट आढळल्यास पुढील वर्षी दार बंद होते. गोवंडीतील शिवाजीनगर, बैंगनवाडी यांसारख्या वस्त्यांत चालणारी भिशीही याच तत्त्वावर चालते. तेथे लेखी करार क्वचितच असतो. परंतु हप्ता बुडविणाऱ्याचे घर, धंदा व नातलग साऱ्यांस ठाऊक असतात. पत गमावण्याचे भय हेच तेथील तारण होय.

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलस लूमान यांनी व्यक्तीवरील विश्वास व व्यवस्थेवरील विश्वास असा भेद केला आहे. ऑनलाइन वर्गणीत पहिला लोप पावून दुसरा त्याच्या जागी येतो. देणारा रुग्णास ओळखत नाही. तो संकेतस्थळावर, बँकेवर, रुग्णालयाच्या नाममुद्रित पत्रावर विश्वास ठेवतो. आता ज्याला सत्य ठाऊक आहे तो एकीकडे आणि जो पैसे देतो तो दुसरीकडे, अशी स्थिती होते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, खरा माल व खोटा माल ग्राहकास निवडता येत नसेल, तर खऱ्या मालाचीही किंमत घसरते व तो बाजारातून हटू लागतो. करुणेच्या व्यवहारासही हा न्याय लागू पडतो.

वंचनेचे तीन प्रकार संभवतात. पहिला, मुळात दुःखच कल्पित असणे. २०१७ साली अमेरिकेत न्यू जर्सीतील एका जोडप्याने अशी कथा प्रसृत केली की, एका बेघर माणसाने जवळचे शेवटचे वीस डॉलर देऊन वाटेत अडकलेल्या स्त्रीस पेट्रोल आणून दिले. सुमारे चौदा हजार लोकांनी चार लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. पुढील वर्षी ती कथा तिघांनी मिळून रचल्याचे उघड झाले. तिघेही दोषी ठरले व संकेतस्थळाने देणगीदारांचे पैसे परत केले. दुसरा प्रकार, निमित्त खरे पण मागणारा खोटा. मार्च २०२० मध्ये ‘पीएम केअर्स’ निधी स्थापन होताच त्याच्या खऱ्या यूपीआय पत्त्याहून एका अक्षराने उणा असा बनावट पत्ता निघाला. आजारी बालकाचे छायाचित्र उचलून त्याखाली स्वतःचे खाते देणे, हे याच जातीचे कृत्य. तिसरा प्रकार, दुःख खरे, मागणारा खरा, पण पैसा अन्यत्र जाणे. रुग्ण दगावला किंवा गरजेहून अधिक रक्कम जमली, तर उरलेल्या पैशांचे काय, हा प्रश्न येथेच येतो.

प्रत्येक अपयश म्हणजे वंचना नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ईथन मोलिक यांनी २०१४ साली अमेरिकेतील अठ्ठेचाळीस हजारांहून अधिक वस्तुनिर्मिती-प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वस्तू विलंबाने मिळण्याचे प्रमाण मोठे, परंतु उघड फसवणूक विरळा आढळली.

हिशेबाच्या अभावी काय होते, याचे एक उदाहरण गोवंडीच्या शेजारीच सापडते. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका भंगारात जाऊ नये म्हणून २०१३ साली मुंबईत स्थानकांबाहेर पेट्या घेऊन निधी गोळा करण्यात आला. २०१४ साली नौका मोडीत निघाली. २०२२ साली एका राजकीय नेत्याविरुद्ध ट्रॉम्बे पोलीस ठाण्यात निधीच्या अपहाराचा गुन्हा नोंदविण्यात आला. तक्रारीत सत्तावन्न कोटींचा उल्लेख होता. आरोप नाकारणाऱ्या पक्षाच्या म्हणण्याप्रमाणे रक्कम काही हजारांचीच होती. सत्य काय, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु दोन आकड्यांत इतके अंतर पडू शकते, याचे कारण पेटीस पावती नसते, हे स्पष्ट आहे. ऑनलाइन वर्गणी निदान या बाबतीत श्रेष्ठ आहे. तेथे जमेची बाजू पैपैने नोंदली जाते. अंधार असतो तो खर्चाच्या बाजूस.

आता मुख्य प्रश्न. वंचनेची झळ कोणास लागते? देणगीदाराचे पाचशे रुपये जातात. ते जाऊनही तो उभा राहतो. खरी झळ त्याच्या पुढील प्रामाणिक याचकास लागते. मुंबईच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालात गोवंडी ज्यात मोडते तो एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खाली, ०.०५ एवढ्या निर्देशांकावर होता. समजा, येथील एखाद्या भंगार वेचणाऱ्या कुटुंबास मुलाच्या उपचारासाठी मदत मागावयाची आहे. फसवणूक वाढली की संकेतस्थळे अधिक कागद मागतात. ओळखपत्रावरील नाव व रुग्णालयातील नाव यांत अक्षराचा भेद, भाड्याच्या खोलीस करारपत्र नाही, मराठी वा इंग्रजीत कथा लिहून देणारे कोणी नाही. ज्याच्यापाशी कागद आहेत त्यास वंचना करणेही सुलभ. ज्याच्यापाशी नाहीत त्यास सत्यही सिद्ध करता येत नाही.

पैसा याचकाच्या हाती न देता थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा करावा, हा उपाय सर्वमान्य होऊ पाहत आहे. दुर्मीळ रोगांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार केंद्र शासनाने उभारलेले देणगी-संकेतस्थळ याच तत्त्वावर आहे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील एक केंद्र होय. सोळा कोटींच्या औषधासाठी हा मार्ग योग्यच. परंतु गोवंडीचा रुग्ण बहुधा शताब्दी, शीव किंवा केईएम येथे जातो. तेथे खाटेचे मूल्य अल्प असते. खर्च होतो तो बाहेरून आणावयाच्या औषधांवर, तपासण्यांवर, येण्याजाण्यावर, आणि बुडालेल्या मजुरीपायी. या खर्चाचे अंदाजपत्रक कोणतेही रुग्णालय देत नाही. म्हणजे देणगीदाराचे रक्षण करणारा नियमच गरिबास दाराबाहेर ठेवतो.

यावर तोडगा जुन्या वर्गणीच्या तत्त्वातच शोधावा लागेल : याचकास प्रत्यक्ष ओळखणारा, आणि देणाऱ्यास उत्तरदायी असणारा मध्यस्थ. असा मध्यस्थ आपल्याकडे आहे. सार्वजनिक रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवक रुग्णाची परिस्थिती जाणून त्यास धर्मादाय संस्थांकडे पाठवितात. मोठ्या पालिका रुग्णालयांत ‘पुअर बॉक्स’ निधीही आहे. ज्या टाटा समाजविज्ञान संस्थेत या व्यवसायाचे शिक्षण दिले जाते, ती १९५४ पासून गोवंडीलगत देवनार येथेच आहे. समाजसेवकाची शिफारस हा कागदांस पर्याय म्हणून संकेतस्थळांनी स्वीकारावा, किरकोळ खर्चाची रक्कम टप्प्याटप्प्याने त्याच्या देखरेखीखाली द्यावी, आणि उरलेल्या पैशांचा विनियोग आरंभीच जाहीर करावा. मात्र त्यासाठी रुग्णालयांत पुरेसे समाजसेवक नेमले पाहिजेत. अन्यथा हा भारही कागदी ठरेल.

कायद्याची बाजू अपुरी आहे. फसवणूक व विश्वासघात हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे ३१८ व ३१६ या कलमांखाली गुन्हे आहेत, पण ते घडून गेल्यावरचे उपाय होत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क अन्वये गणेशमंडळास वर्गणीची परवानगी घ्यावी लागते व हिशेब द्यावा लागतो. एका व्यक्तीच्या उपचारासाठी आप्तांनी मागितलेल्या मदतीस मात्र तो साचा सहज बसत नाही. मंडपापुढील फलकावर जी शिस्त आपण अपेक्षितो, तीच लक्षावधींच्या ऑनलाइन निधीकडून अपेक्षिणे अवाजवी नव्हे.

तात्पर्य, देणाऱ्यांनी अधिक संशयी व्हावे, हा या प्रश्नावरील उपाय नव्हे. संशयाचे मूल्य वंचक देत नाही. ते गोवंडीतील निरपराध रुग्ण देतो. म्हणून कोणत्याही प्रतिबंधक नियमाची परीक्षा दोन प्रश्नांनी व्हावी : त्याने किती लबाड अडले, आणि त्याच वेळी किती खरे गरजू परत गेले? यांतील दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर संकेतस्थळाच्या नोंदवहीत सापडत नाही, कारण परत गेलेल्याची नोंद कोणी ठेवीत नाही. ते वस्तीत जाऊनच शोधावे लागेल, आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे संशोधनाचे मोठे क्षेत्र मोकळे आहे.