बधिरत्व आणि वाद्यवादन

ज्यास ऐकूं येत नाहीं त्यानें वाद्यास हात लावूं नये, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि आढळते. एव्हलिन ग्लेनी या स्कॉटिश तालवादिकेचें चरित्र ती खोटी ठरवितें.

१९६५ सालीं जन्मलेल्या या बाईंचें श्रवण आठव्या वर्षापासून क्षीण होऊं लागलें. बाराव्या वर्षीं तें जवळजवळ लोपलें. परंतु शिक्षकांनीं त्यांचें शिक्षण थांबविलें नाहीं. ते नगाऱ्याच्या जातीचें टिंपनी वाद्य वाजवीत व मुलीस भिंतीवर तळहात टेकून कंप ओळखावयास सांगत. पुढें खर्जाचे स्वर पायांत व उंच स्वर चेहरा, मान, छाती यांच्या ठायीं त्यांस जाणवूं लागले. म्हणूनच त्या पुष्कळदां अनवाणी वाजवितात.

बधिर वादकाचें पुढें काय होणार, या शंकेनें लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्यूझिकनें आरंभीं त्यांस नाकारलें; त्यांनीं तो निर्णय बदलावयास लावला. १९८९ सालीं त्यांचा सहभाग असलेल्या ध्वनिमुद्रिकेस ग्रॅमी पारितोषिक मिळालें. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनांत हजार ढोलवादकांचें नेतृत्व त्यांनींच केलें.

तेव्हां मुलास कमी ऐकूं येतें अशी शंका येतांच वडीलधाऱ्यांनीं तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासणी अवश्य करवावी; परंतु त्याच्या पुढ्यांतला तबला उचलूं नये, असें आम्हांस आग्रहानें सांगावेंसें वाटतें.