पंचमाच्या तारेमागची घरघर

आमच्या महाविद्यालयात विज्ञानशाखा नाही. त्यामुळे कंडेन्सर, व्हॉल्व्ह असले शब्द दिसताच काही मित्र पान उलटतील हे मी जाणून आहे. परंतु ज्यांना गाणे ऐकण्याचा नाद आहे त्यांनी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

माझे आजोळ दरेकसा. कचारगडच्या यात्रेला किंवा हाजरा धबधब्याला जाणारी मंडळी उतरतात ते हावडा–मुंबई लोहमार्गावरील स्थानक. आजोबांच्या मागे त्यांच्या साठ-सत्तर ध्वनिमुद्रिका मामांकडे आल्या. रेकॉर्ड प्लेयरच्या सुईतून निघणारा क्षीण विद्युत्संदेश मोठा करण्यासाठी मामांनी दोन ईसीसी ८३ व्हॉल्व्ह घेऊन प्रीअँप्लिफायर घरीच बांधला. तो वाजू लागला, पण गाण्याच्या मागे एक अखंड ‘घूंऽऽ’ घेऊन. विलंबित ख्यालाच्या आरंभी, जेथे केवळ तंबोरा असतो, तेथे तर ऐकवेना. पोटातले सारे कंडेन्सर काढून भारी किमतीचे घालायचे, आणि तेवढ्यानेही जमले नाही तर तबकड्या कुणाला तरी देऊन टाकायच्या, असे मामांनी ठरवले होते. त्या दिवाळीच्या सुटीत मी तेथेच होतो.

ही घरघर या यंत्रातच एवढी का बोकाळते, ते आधी पाहू. पिकअपमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट मिळतात. मधल्या स्वरांसाठी ते साधारण १०० पट करावे लागतात. शिवाय खर्जाचे स्वर तबकडीवर मुद्दाम लहान करून कोरलेले असतात. नाही तर खाचा एकमेकींत घुसतील. १९५४ पासून रूढ झालेल्या आर.आय.ए.ए. या प्रमाणानुसार ते वाजवताना पुन्हा वाढवायचे असतात. म्हणजे सेकंदाला १००० आंदोलनांच्या स्वरापेक्षा ५० आंदोलनांचा स्वर सुमारे ७ पट अधिक वाढतो. आपल्या घरातील वीज नेमकी ५० आंदोलनांचीच! चोराला घरच्यानेच कडी काढून द्यावी, तसा हा प्रकार.

मामांचा पहिला संशय रेल्वेवर होता. दाराशीच विजेची तार, तीही २५ हजार व्होल्टची. आम्ही एक संध्याकाळ याच कामी घालवली. मालगाडी बोरतलावकडचा घाट चढू लागली की कान टवकारायचे. गाडी आली काय आणि गेली काय, आवाजात तसूभर फरक पडला नाही. रेल्वे निर्दोष सुटली.

मग घरातली पेटी काढली. घरघर मंद्र सप्तकातील पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये कोठेतरी बसत होती, म्हणजे सेकंदाला सुमारे १०० आंदोलने. आता गंमत पाहा. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची पंचमाची तार १०४ आंदोलनांच्या आसपास लागते. १०० आणि १०४ एकत्र आले की सेकंदाला चार हेलकावे पडतात. तंबोरा बेसूर वाटत होता तो यामुळे. लावणाऱ्याचा त्यात काही दोष नव्हता.

पेटीचा दुसरा उपयोग असा. रेक्टिफायर विजेच्या दोन्ही अर्धलहरी वापरतो, म्हणून त्यातून गळणारी घरघर १०० ची असते. तारांतून, अर्थिंगमधून किंवा व्हॉल्व्हच्या तापतंतूतून शिरणारी बहुधा ५० ची, म्हणजे एक सप्तक खालची. पिकअपच्या तारा काढून आम्ही प्रवेशमुख बंद केले, म्हणजे आतली तार सरळ जमिनीला जोडली. १०० ची घरघर तशीच राहिली, मात्र तिच्याखालचा एक जाड, दबलेला आवाज बराच उतरला. रोग दोन होते तर!

पहिला कंडेन्सरचाच निघाला. मामांनी फिल्टरसाठी जुन्या रेडिओतला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वापरला होता. याच्या आत ओला कागद असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो सुकतो आणि धारकता घटते. १० हजार ओहमचा रोधक आणि ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मिळून १०० ची घरघर जवळजवळ ३०० पट कमी करतात. कंडेन्सर सुकून दहावा हिस्सा उरला तर तीसच पट. आम्ही ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे नवे बसवले. रेक्टिफायरही व्हॉल्व्हचाच असेल तर पहिला कंडेन्सर वाटेल तेवढा मोठा घालू नये. त्याची मर्यादा माहितीपत्रकात दिलेली असते. आणि हे विसरू नका की बटण बंद केल्यावरही या कंडेन्सरांत अडीचशे व्होल्ट दबा धरून बसतात. आधी रोधक लावून ते रिकामे करावेत, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा.

दोन व्हॉल्व्हांमधल्या ०.१ मायक्रोफॅरडच्या जोड-कंडेन्सरांवर मामांचा फार जीव. ते जुने, मेणकागदाचे होते आणि गळत होते. दीडशे व्होल्टांतला एक-दीड व्होल्ट जरी पुढच्या ग्रिडवर पोचला तरी व्हॉल्व्हची बैठक मोडते, म्हणून ते बदलणे योग्यच. परंतु साधा ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन पुरतो. ‘मोठा तेवढा बरा’ म्हणून ०.४७ चा घालण्यातही अर्थ नाही. पुढे ४७० हजार ओहम असता ०.१ चा कंडेन्सर ३.४ आंदोलनांपर्यंत उतरतोच. त्याखाली असते ते वाकड्या तबकडीचे हिंदकळणे. किमती कंडेन्सरने आवाज ‘मोकळा’ होतो असे मामा म्हणतात. मला तरी फरक कळला नाही. यावर आमचा वाद अजून चालू आहे.

दुसरा रोग फुकटात बरा झाला. डाव्या-उजव्या तारांची आवरणे दोन वेगवेगळ्या ठिकाणी पत्र्याला जोडलेली होती. त्यामुळे तारेचे एक वेटोळे तयार होऊन त्यात ट्रान्सफॉर्मरचे चुंबकत्व शिरत होते. सगळ्या जमिनी प्रवेशमुखाजवळ एकाच बिंदूत आणल्या. प्लेयरची लोंबती बारीक अर्थ-तारही तेथेच जोडली. (घरघर जावी म्हणून प्लगची अर्थिंग तोडणारे लोक मी पाहिले आहेत. तसे कदापि करू नये. त्यात जिवाशी गाठ असते.) तापतंतूच्या ६.३ व्होल्टच्या तारा एकमेकींना पीळ देऊन डब्याच्या कोपऱ्यातून नेल्या आणि दोन्हींपासून १०० ओहमचा एकेक रोधक जमिनीला जोडला.

रात्री तीच तबकडी लावली. स्पीकरला कान लावला तर घरघर अजून थोडी ऐकू येते, पण खाटेवर बसले की नाही. आजी आतून म्हणाली, “आता कसा तंबोरा लागला!” मामांनी तबकडी उलटली आणि दुसरी बाजू लावली.