सांता रोझालियाच्या आधीचं लडाख

सुरतेत राहून हिमालयातल्या तळ्यांचे किडे वाचत बसायचं माझं खूळ जुनं. पण ते टिकलं एका हिशेबामुळे. ३० अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. शून्य अंशाला, समुद्रसपाटीवर, १४.६. मात्र ५,००० मीटरांवर हवेचा दाब जवळपास निम्म्यावर येतो आणि तिथल्या गोठत्या तळ्यात पावणेआठच्या आसपासच मावतो. थंडीनं दिलेलं विरळ हवेनं काढून घेतलं! प्राणवायूच्या बाबतीत लडाखचं तळं आणि उन्हाळ्यातली तापी जवळजवळ एका पायरीवर.

तरी दोन्हीकडची वस्ती सारखी नसते. कारण थंडीत किड्याची प्राणवायूची गरजच घटते, वाढही रेंगाळते. बर्फाचं झाकण पडलं की पृष्ठभागावर येऊन हवा घेणाऱ्याची पंचाईत होते. कातडीतून श्वास घेणारी कायरोनोमिड माशीची अळी तळच्या गाळात तग धरते. पाणी खारट झालं की आणखी काही जाती गळतात. मासे नसले, तर मोठ्या पोहणाऱ्या किड्यांना मोकळं रान मिळतं. परिस्थिती अशी चाळणी लावत जाते.

लडाखच्या या तळ्यांवर १९३२ साली येल विद्यापीठाची मोहीम गेली. प्रमुख हेल्मुट डी टेरा, जीवशास्त्रज्ञ जी. इव्हलिन हचिन्सन. या हचिन्सननी पोहणाऱ्या नाकतोड्यावरचं टिपण छापलं होतं ते वयाच्या पंधराव्या वर्षी. पँगाँगसारख्या खाऱ्या तळ्यांपासून ५,००० मीटरांवरच्या तळ्यांपर्यंत त्यांनी पाणी तपासलं. त्या प्रवासावरचं त्यांचं ‘द क्लिअर मिरर’ १९३६ मध्ये आलं. त्यात लडाखबरोबर चक्क गोवा आहे! आपल्याकडे या पुस्तकाचं नावही कुणी काढत नाही, याचं मला नवल वाटतं.

जगानं हचिन्सन लक्षात ठेवले ते मात्र सिसिलीतल्या एका डबक्यामुळे. पालेर्मोजवळ सांता रोझालियाच्या देवस्थानाखाली त्यांना कोरिक्सा या जलकीटकाच्या दोन जाती एकत्र दिसल्या, एक मोठी, एक लहान. (१६२४ च्या प्लेगात या संतिणीच्या अस्थी सापडल्या, अशी तिथली श्रद्धा. प्लेगच्या वेळी माणूस कुणाला शरण जातो, हे १९९४ पाहिलेल्या सुरतकरांना काय सांगावं!) १९५९ च्या निबंधात त्यांनी विचारलं, प्राण्यांच्या इतक्या जाती का? शेजारी नांदणाऱ्या जातींच्या आकारात साधारण १.३ पट फरक असावा, असा अंदाजही त्यांनी जपून मांडला.

शिष्यांनी आणि वाचकांनी त्या अंदाजाचा नियमच करून टाकला. मग १९७७ मध्ये हॉर्न आणि मे यांनी खोडी काढली: लाकडी बासऱ्यांच्या आणि लोखंडी तव्यांच्या संचांतही हेच प्रमाण सापडतं. आता तवे काही एकमेकांशी अन्नासाठी भांडत नाहीत! १९८१ मध्ये सिम्बरलॉफ आणि बोक्लेन यांनी संख्याशास्त्र लावून उरलेल्या दाव्यांपैकी बरेचसे पोकळ ठरवले.

माझ्या मते या भांडणात खरा तोटा लडाखचा झाला. कोण कुणाला ढकलतं, हा प्रश्न गाजला. पण मुळात आत कोण येऊ शकतं, हा त्याआधीचा प्रश्न. त्याची सामग्री हचिन्सन यांच्याच १९३२ च्या कामात होती: तापमान, क्षार, खोली, उंची. आता हिमालय तापतो आहे आणि बर्फाचं झाकण टिकण्याचा काळ बदलतो आहे. अशा वेळी एका तरुण संशोधकानं कोरिक्सासारख्या वल्ह्या-पायांच्या किड्यांची मापं काढत बसण्यापेक्षा तीच तळी पुन्हा मोजावीत. नव्वद वर्षांपूर्वीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्याची सोय दर तळ्याला लाभत नाही.